बुल बेटावरचे हंस आणि पुलावरचा माणूस

आयर्लंडमधील छायाचित्रांचा विषय निघाला की मोहरचे उत्तुंग कडे आणि स्केलिगच्या खडकावरील रंगीत चोचींचे पफिन पक्षी यांचीच बहुधा आठवण होते. परंतु तेथील सामान्य माणूस नित्य ज्या दृश्यांसाठी कॅमेरा जवळ बाळगतो, ती त्याच्या घरापासून फारशी दूर नसतात, आणि त्या देशाचे खरे दर्शन घडते ते त्यांतच, असे माझे मत आहे.

डब्लिन 53 उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले असल्यामुळे डिसेंबरात भर माध्यान्हीही तेथला सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर चढतो. म्हणजे आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी तासभर जो तिरपा, पिवळसर उजेड मिळतो, तो तेथे, ढगांची मर्जी असल्यास, ऐन दुपारी मिळतो. त्यातच अटलांटिकवरून येणारे ढग सारखे सरकत असल्याने एकच भिंत वा एकच पाणवठा घटकाभरात अनेक रूपे पालटतो, आणि म्हणून गावोगाव हिंडणाऱ्यापेक्षा एके जागी ठाण मांडून राहणाऱ्याच्या पदरात अधिक पडते.

शहरालगतचे बुल बेट पाहावे. बंदराच्या तोंडाशी साचणारा गाळ हटावा म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे लांबलचक धक्का बांधण्यात आला, आणि त्याच्या आडोशाला वाळू साचत जाऊन हे बेट उदयास आले. कॅनडाच्या ध्रुवप्रदेशातून ग्रीनलंडचा हिमस्तर आणि आइसलंड ओलांडून येणारे ब्रेंट जातीचे काळसर हंस येथे हिवाळा काढतात, आणि खाडीतले समुद्रगवत सरत आले की शहरातील खेळाच्या मैदानांवर निर्धास्त चरू लागतात. त्यामुळे साध्या कॅमेऱ्यानेही त्यांचे चांगले चित्र घेता येते. हे चित्र मात्र बारकाईने न्याहाळावे. प्रौढ हंसाच्या काळ्या मानेवर पांढरा डाग असतो, त्याच वर्षी जन्मलेल्या पिलाच्या पंखांवर पांढरे पट्टे असतात, आणि ही कुटुंबे हिवाळाभर एकत्र राहत असल्याने दूरच्या ध्रुवप्रदेशात यंदा वीण कशी झाली याचा अंदाज मैदानावरच्या एका छायाचित्रातून बांधता येतो. काहींच्या पायांत संशोधकांनी घातलेली रंगीत, अक्षरांकित कडी असतात. ती अक्षरे स्पष्ट उमटली तर हौशी माणसाचे चित्रही शास्त्राच्या दप्तरी दाखल होण्याजोगे ठरते. घरट्यापाशी मात्र ही मोकळीक नाही. अंडी अथवा न उडालेली पिले असलेल्या घरट्याजवळ संरक्षित पक्ष्याचे छायाचित्र घ्यायचे तर 1976 च्या वन्यजीव कायद्यान्वये सरकारी परवाना लागतो, आणि ही अट मला सर्वस्वी न्याय्य वाटते, कारण माणसाच्या सलगीने बिथरलेला पक्षी कित्येकदा घरटेच सोडून जातो.

एके जागी उभे राहण्याचे हे व्रत रस्त्यावर ज्याने पाळले, तो आर्थर फील्ड्स. छळामुळे युक्रेन सोडून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा गृहस्थ 1930 च्या दशकापासून 1980 च्या दशकापर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, डब्लिनच्या ओकॉनेल पुलावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची छायाचित्रे घेत असे आणि त्यांच्या हाती चिठ्ठी देत असे. ज्याला हवी त्याने पैसे भरून प्रत घ्यावी, असा तो साधा रोजगार होता. निगेटिव्ह त्याने जपून ठेवल्या नाहीत, त्यामुळे त्याचे कार्य उरले ते लोकांच्या घरांतील अल्बमांत. अलीकडे अशा हजारो प्रती गोळा करण्यात आल्या. त्यांवर तारीख नसली तरी काळ ठरविण्यास एक मोठा आधार आहे: पुलावरून दिसणारा नेल्सनचा स्तंभ 8 मार्च 1966 रोजी स्फोटाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा ज्या चित्रात माणसांच्या मागे तो उभा आहे, ते त्याआधीचे. तेवढ्या आधारावर या प्रती क्रमाने लावू लागले की डब्लिनकर पुरुषांच्या डोक्यावरची टोपी केव्हा गेली, स्त्रियांच्या कोटांची लांबी कशी बदलली आणि नवरानवरी पुलावरून हातात हात घालून केव्हापासून चालू लागली, याचा शोध घेता येतो.