हाँगकाँगचा पट्टा: ९९ वर्षं, तीन दिवस कमी

आज हाँगकाँगच्या जमिनीकडे वळू, कारण १९९७ चा प्रश्न मुळात जमिनीच्या कागदावरून उभा राहिला.

हाँगकाँग बेट १८४२ मध्ये आणि कौलूनचं टोक १८६० मध्ये ब्रिटिशांना कायमचं मिळालं होतं. न्यू टेरिटरीज हा सगळ्यात मोठा भाग मात्र १ जुलै १८९८ पासून ९९ वर्षांच्या पट्ट्यावर होता. तिथलं सरकार जमीन कायमची विकत नाही, भाडेपट्ट्याने देतं. (सेंट जॉन्स कॅथीड्रलची जागा हा एकच अपवाद सांगतात.) पट्टा देताना एकरकमी अधिमूल्य घ्यायचं, आणि हे सरकारचं मोठं उत्पन्न!

आता बघा, जे स्वतःच कूळ, ते पोटकुळाला आपल्या मुदतीपलीकडचा हक्क कसा देणार? पोटपट्टा मूळ पट्ट्यापेक्षा थोडा तरी आखूड हवा, नाहीतर इंग्रजी कायद्यात तो पोटपट्टाच राहत नाही. म्हणून न्यू टेरिटरीजमधले पट्टे तीन दिवस आधी, २७ जून १९९७ ला संपत. आता घराचं कर्ज पंधरा वर्षांचं धरा. १९८२ मध्ये घेतलं, तर शेवटचा हप्ता थेट १९९७ मध्ये. म्हणजे बँकेच्या दृष्टीने १९९७ उजाडलं ते १९८२ मध्येच.

मार्च १९७९ मध्ये गव्हर्नर मॅक्लेहोस बीजिंगला गेले आणि त्यांनी हा विषय डेंग शियाओपिंग यांच्यापुढे काढला. पट्ट्यांवरची ठरावीक तारीख काढून टाकायची, एवढीच मागणी. सार्वभौमत्वाचं नाव नको, नुसती कागदाची दुरुस्ती! मला ही चाल भाबडी वाटते. चीनच्या मते हे तहच अन्यायकारक होते. पट्टा वाढवायला मान डोलावली की मूळ पट्टाही मान्य केल्यासारखं झालं असतं. डेंग म्हणाले, गुंतवणूकदारांनी निश्चिंत राहावं. मुदतीचं मात्र काहीच हाती लागलं नाही. झाकून ठेवलेला प्रश्न उलट उघड्यावर आला.

सप्टेंबर १९८२ मध्ये थॅचर बीजिंगला गेल्या. पुढच्याच वर्षी हाँगकाँग डॉलर इतका घसरला, की ऑक्टोबर १९८३ मध्ये तो एका अमेरिकी डॉलरला ७.८० या दराला बांधावा लागला.

१९ डिसेंबर १९८४ ला संयुक्त घोषणापत्रावर सह्या झाल्या. त्याचं तिसरं परिशिष्ट फक्त जमिनीवर आहे, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचं कलम तिथेच. ३० जून १९९७ पूर्वी संपणारे पट्टे जादा अधिमूल्याशिवाय ३० जून २०४७ पर्यंत वाढले. भाडं मात्र दरवर्षी करपात्र मूल्याच्या ३ टक्के. जुन्या गावकऱ्यांच्या घरांना त्यातूनही सूट. चीनला भीती अशी, की जाता जाता इंग्रज सगळी जमीन विकून तिजोरी रिकामी करतील. म्हणून नव्या जमिनीला वर्षाला ५० हेक्टरची मर्यादा घातली (सार्वजनिक भाड्याच्या घरांची जमीन त्यात धरली नाही), आणि अधिमूल्यातून खर्च वजा जाता जे उरेल ते निम्मं निम्मं. निम्मं चालू सरकारला, निम्मं १९९७ नंतर येणाऱ्या सरकारसाठी राखून. दोन्ही बाजूंच्या लोकांचा भूमी आयोग त्यावर नजर ठेवायला. ज्या सरकारचा अजून जन्म झाला नव्हता, त्याच्या नावे पैसे साठत होते!

आणि २०४७? कर्जाचं तेच गणित पुन्हा दारात आलं. २०२४ मध्ये हाँगकाँगने कायदाच केला: मुदत संपणारे सर्वसाधारण पट्टे जादा अधिमूल्य न घेता आपोआप आणखी ५० वर्षं वाढतील. भाडं पूर्वीचंच, ३ टक्के.