इंग्रजीची खतावणी

गेल्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास माझ्या धाकट्या बंधूंची नात हातात काही छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. ती बार्शीला बारावी वाणिज्य शाखेत शिकत होती. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, हिशेबात हात स्वच्छ, आकडेमोड तोंडी करणारी मुलगी. तिने बीबीएच्या प्रवेश परीक्षेची एक सराव प्रश्नपत्रिका सोडविली होती. इंग्रजीच्या ४० प्रश्नांपैकी तिचे १६ बरोबर आले होते.

तिचे वडील, म्हणजे माझा पुतण्या, त्याच संध्याकाळी भेटला. तो म्हणाला, "काका, मुलगी हुशार आहे, मी नाही म्हणत नाही. पण इंग्रजी आपल्या घराला कधी लागले नाही. बी.कॉम. इथेच करू दे. दुपारी दुकानही सांभाळेल." बोलण्यात राग नव्हता, कंजुषीही नव्हती. सोळा हा आकडा पाहून एका व्यापाऱ्याने केलेला तो व्यवहारी निर्णय होता. मात्र हिच्या थोरल्या भावाला दोन वर्षांपूर्वी पुण्याला पाठविताना असा हिशेब कोणी मांडला नव्हता, हे मला ठाऊक होते, आणि तिलाही.

तिने मला एवढेच विचारले, "मोठे आजोबा, तीन महिन्यांत इंग्रजी येते का?"

मी म्हणालो, "नाही. पण चाळीस प्रश्न येऊ शकतात."

हे उत्तर मी सहज दिले नव्हते. १९८२ साली मी बँकेत लागलो. काही वर्षांनी पदोन्नतीची पहिली संधी आली, तेव्हा मुलाखत इंग्रजीत होणार या धास्तीने मी अर्जच केला नाही. घरी सांगितले की बदलीची अडचण आहे. खरे कारण मी कोणालाच सांगितले नाही. त्या एका न केलेल्या अर्जामुळे मी सहकाऱ्यांच्या तीन वर्षे मागे राहिलो. पुढे इंग्रजी शिकलो ते कर्जाची कागदपत्रे वाचता वाचता आणि स्वतःच्याच पत्रांतील चुका मोजता मोजता. तीच रीत मी नातीला सांगितली. आपल्या अनेक घरांत आज हाच प्रश्न उभा आहे, म्हणून ती येथे लिहीत आहे.

परीक्षा बदलली आहे

प्रथम पालकांसाठी थोडी माहिती. पूर्वी आपल्याकडे बहुतेक महाविद्यालयांत बीबीए, बीएमएसचे प्रवेश बारावीच्या गुणांवर होत. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्राच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाने २०२४ मध्ये त्यांच्यासाठी प्रथमच सीईटी घेतली. या परीक्षेत ९० मिनिटांत १०० प्रश्न असतात : इंग्रजी ४०, तर्क व अंकगणित ३०, सामान्य ज्ञान १५ आणि संगणकाची मूलतत्त्वे १५. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. म्हणजे शंभरापैकी चाळीस गुण एकट्या इंग्रजीचे.

केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी' ही परीक्षा सुरू झाली. २०२५ पासून तिच्या इंग्रजीच्या पेपरात ६० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. एका परीक्षेत प्रश्न रिकामा सोडणे हा तोटा, तर दुसरीत अंदाजाने खूण करणे हा धोका. त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका आपल्या मुलाने किंवा मुलीने स्वतः वाचली आहे ना, हे पालकांनी अवश्य पाहावे. तेही एक इंग्रजी वाचनच आहे.

रोजमेळ आणि खतावणी

पहिल्या दिवशी मी नातीला पुस्तक उघडू दिले नाही. दुकानातून दोन वह्या मागविल्या. एक रोजमेळ, दुसरी खतावणी. आपल्या मुलांना या शब्दांचे स्पष्टीकरण लागत नाही. दिवसभराचा व्यवहार रोजमेळात येतो, मग प्रत्येक नोंद आपापल्या खात्यावर जाते. कोणाकडे किती येणे अडकले आहे, ते खतावणीवाचून कळत नाही. इंग्रजीचेही तसेच आहे. मुले सराव प्रश्नपत्रिका सोडवितात, गुण मोजतात, हळहळतात आणि पुढची प्रश्नपत्रिका घेतात. हा नुसताच रोजमेळ झाला.

तिच्या चोवीस चुका आम्ही खात्यांवर चढविल्या. उपपदे आणि शब्दयोगी अव्यये यांच्या सात. काळ आणि कर्ता-क्रियापदाचा मेळ यांच्या सहा. शब्दार्थाच्या पाच. उताऱ्याच्या चार. दोन प्रश्न वेळ न पुरल्यामुळे सुटलेले. ती स्वतः समजत होती की आपले शब्द कमी पडतात, आणि त्या समजुतीने रोज पन्नास शब्द पाठ करीत होती. खतावणीने दाखविले की चोवीसपैकी तेरा चुका व्याकरणाच्या आहेत. नुकसान एका खात्यात आणि भांडवल दुसऱ्याच खात्यात, अशी स्थिती होती.

चुकांचे मूळ मराठीत

व्याकरणाच्या त्या तेरा चुका नीट पाहिल्या तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. त्यांतील बहुतेक चुका अज्ञानाच्या नव्हत्या. मराठी वाक्य मनात तयार होऊन जसेच्या तसे इंग्रजीत उतरत होते.

आपण 'विषयावर' चर्चा करतो, 'गावाला' पोहोचतो, 'खोलीत' प्रवेश करतो, 'मुलीशी' लग्न करतो. प्रत्येक ठिकाणी नामाला काहीतरी जोडलेले असते. म्हणून 'डिस्कस', 'रीच', 'एंटर' आणि 'मॅरी' या क्रियापदांपुढे आपला हात आपोआप 'अबाउट', 'टू', 'इन', 'विथ' लिहितो. या अर्थी या चारही क्रियापदांना पुढे काहीच लागत नाही, त्यांचे कर्म थेट येते. परीक्षेतील चूक ओळखण्याचे प्रश्न नेमके येथेच बेतलेले असतात.

दुसरे उदाहरण क्रियापदाचे. 'मुलाने वही आणली', 'मुलाने पेन आणले', 'मुलाने खडू आणला'. आणणारा तोच, तरी क्रियापद वस्तूप्रमाणे बदलले. इंग्रजीत क्रियापद कर्त्याकडेच पाहते, मग मध्ये कितीही शब्द येवोत. 'द बॉक्स ऑफ पेन्सिल्स' यातील कर्ता खोका आहे, पेन्सिली नव्हेत. म्हणून 'इज', 'आर' नव्हे. दुकानातील खोक्याकडे बोट दाखवून हे सांगितल्यावर ती चूक तिने पुन्हा केली नाही.

तिसरे उदाहरण काळाचे. 'मी तीन वर्षांपासून येथे राहतो' हे मराठीत वर्तमानकाळी वाक्य आहे. त्यातून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स' असे वाक्य जन्मते, आणि त्यात दोन चुका असतात. पूर्वी सुरू होऊन आजवर चाललेल्या क्रियेला 'हॅव बीन लिव्हिंग' हवे. शिवाय 'सिन्स' हा आरंभाचा क्षण सांगतो आणि 'फॉर' हा कालावधी. मी तिला बँकेच्या भाषेत सांगितले : ठेव ठेवल्याची तारीख म्हणजे 'सिन्स', ठेवीची मुदत म्हणजे 'फॉर'.

उपपदांचे खाते मात्र शेवटपर्यंत थोडे थकीतच राहिले. मराठीत उपपद नाहीच, त्यामुळे कानाला त्याची उणीव भासत नाही. त्यावर नियम पाठ करण्यापेक्षा रोज दहा ओळी मोठ्याने वाचणे आणि मग उपपदे गाळून तोच मजकूर पुन्हा भरणे, हा उपाय उपयोगी पडला. नियमांच्या खुलाशासाठी घरात माझी जुनी 'रेन अँड मार्टिन' होती. ती संपूर्ण वाचायची नाही, ज्या खात्यात चूक असेल तेवढेच प्रकरण उघडायचे, असे ठरविले.

शब्द एकटा नसतो

पाठ केलेले पन्नास शब्द आठवड्यात विसरले जातात, कारण त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो. शब्दांनाही कुटुंब असते. आपल्या पेढीवरचा रोजचा शब्द 'क्रेडिट' घ्या. त्याचे मूळ लॅटिनमधील 'विश्वास ठेवणे' या क्रियापदात आहे. मग 'क्रेडिबल' म्हणजे विश्वासार्ह, 'इनक्रेडिबल' म्हणजे विश्वास बसणार नाही असे, 'क्रेडेन्शियल्स' म्हणजे विश्वास बसावा यासाठी दाखविलेले पुरावे, आणि 'क्रेड्युलस' म्हणजे कोणावरही चटकन विश्वास टाकणारा. हा शेवटचा शब्द तिला फार आवडला. ती म्हणाली, "म्हणजे आपले उधारीचे गिऱ्हाईक ज्याच्याकडे जाते तो!" नॉर्मन लुईस यांचे 'वर्ड पॉवर मेड ईझी' हे १९४९ मध्ये प्रथम निघालेले पुस्तक याच पद्धतीने शब्द शिकविते.

ओळखीच्या शब्दाचा अनोळखी अर्थ हा दुसरा सापळा. एका उताऱ्यात 'आउटस्टँडिंग' या शब्दाचा अर्थ विचारला होता. तिने 'उत्कृष्ट' निवडला. वाक्य देयकांविषयी होते, म्हणजे अर्थ 'थकलेली' असा होता. थकबाकी रोज ऐकणाऱ्या घरातील मुलगी तिथे चुकली, कारण तिने शब्द वाचला, वाक्य वाचले नाही. तसेच 'डिसइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला नव्हे, ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा, निःपक्ष. रस नसलेला तो 'अनइंटरेस्टेड'. उच्चार एक आणि स्पेलिंग वेगळे असे 'प्रिन्सिपल' आपण जाणतोच. एक मुद्दल आणि मुख्याध्यापक, दुसरे तत्त्व.

याच ओघात एक गंमत घडली. पुतण्याचे दुकान वह्या-पुस्तकांचे आहे. दाराव‍रील इंग्रजी फलकावर 'स्टेशनरी' या शब्दात 'ई' अक्षराच्या जागी 'ए' आहे, हे नातीने खतावणीत लिहिता लिहिता पकडले. 'ए' लिहिले की अर्थ होतो 'स्थिर, न हलणारे'. वीस वर्षे तो फलक तसाच होता. वडिलांना सांगावे की नाही, या विचारात ती दोन दिवस होती. मी तिला म्हटले, "हे दोन्ही शब्द मूळचे सख्खेच आहेत. फिरत्या विक्रेत्यांच्या काळात जो एका जागी दुकान मांडून पुस्तके, कागद विकी तो 'स्टेशनर'. त्याचा माल ती स्टेशनरी. तेव्हा तुझ्या बाबांची चूक अगदीच निराधार नाही."

उतारा हाच साक्षीदार

वाचनाच्या चार चुकांपैकी दोन एकाच प्रकारच्या होत्या. उतारा सोन्याच्या आयातीविषयी होता. उत्तरे तिने उताऱ्यातून दिली नव्हती, घरातील चर्चेतून दिली होती. तिची माहिती खरीही असेल, पण प्रश्न 'लेखकाच्या मते' असा होता. कर्ज मंजूर करताना ऋणको सज्जन आहे हे आम्हाला ठाऊक असे, तरी आम्ही कागदावर जे लिहिले आहे तेवढेच धरीत असू. उताऱ्याला हाच न्याय लावावा. प्रत्येक उत्तरासाठी उताऱ्यातील ओळीवर बोट ठेवता आले पाहिजे.

त्यासाठी आम्ही रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक लेख घेत असू : एक दिवस अर्थविषयक, एक दिवस अग्रलेख, एक दिवस कथा किंवा प्रवासवर्णन. 'सीयूईटी'मध्येही माहितीपर, कथनात्मक आणि साहित्यिक असे तीन प्रकारचे उतारे असतात. प्रत्येक परिच्छेदाचे सार तिने मराठीत एका ओळीत सांगायचे. इंग्रजीचा अभ्यास मराठीत कशाला, असे कोणी विचारील. पण सार मराठीत नीट सांगता येत नसेल तर परिच्छेद समजलेलाच नसतो. इंग्रजीत सांगताना मुले त्याच ओळी फिरवून म्हणतात आणि न कळलेले झाकले जाते. 'हाउएव्हर', 'ऑल्दो', 'देअरफोर' हे शब्द दिसले की पेन्सिलीने वर्तुळ करायचे, कारण लेखकाचा विचार तेथे वळतो आणि प्रश्नही बहुधा तेथूनच निघतो.

तीन महिन्यांचा जमाखर्च

रोज दीड तास, सकाळी. अर्धा तास व्याकरणाचे एक खाते, अर्धा तास वाचन, पंधरा मिनिटे शब्द, पंधरा मिनिटे जुन्या चुकांची उजळणी. दर रविवारी घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका आणि लगेच खतावणी. बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत फक्त वाचन ठेवले. आकडे सरळ रेषेत चढले नाहीत. १६ नंतर १९, मग २३, आणि पाचव्या रविवारी पुन्हा २०. त्या दिवशी ती रडली. आम्ही खतावणी काढली. व्याकरणाच्या चुका तेरावरून पाचवर आल्या होत्या. घाईने वाचल्यामुळे उताऱ्याचे खाते फुगले होते. कारण सापडल्यावर अश्रू थांबले. शेवटच्या सराव प्रश्नपत्रिकेत ३१ आले.

पालकांना माझी विनंती आहे की, शिकवणीची फी भरून आपली जबाबदारी संपली असे मानू नये. इंग्रजी न येणारे आईवडीलही खतावणी तपासू शकतात : कोणत्या खात्यात या आठवड्यात किती चुका, एवढे विचारायला इंग्रजी लागत नाही. आणि पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या गुणांवरून मुलीचे भवितव्य ठरवू नये. एका दिवसाच्या गल्ल्यावरून आपण दुकान बंद करीत नाही.

परीक्षा सोलापूरला झाली. नातीला मनातले पहिले महाविद्यालय मिळाले नाही, दुसऱ्या पसंतीचे पुण्यातले मिळाले. सध्या ती वसतिगृहात राहते आणि खतावणी सोबत घेऊन गेली आहे.

जून महिन्यात मी बार्शीला गेलो होतो. पुतण्याने दुकानाचा फलक नव्याने रंगवून घेतला होता, 'ई' अक्षरासह. मी काही बोललो नाही. तोच म्हणाला, "काका, पोरीने जाण्याआधी सांगितले. वीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने सांगितले नव्हते."