रोगणाखाली पुसला जाणारा इतिहास

२६ जानेवारी २०२० रोजी उत्तर प्रदेश पोलिसांनी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘थ्री-नॉट-थ्री’ रायफलीला निरोप दिला. सेवानिवृत्त शस्त्र प्रदर्शनात ठेवण्यापूर्वी ते चकचकीत करण्याचा मोह होतो. त्यात नष्ट होतो तो पुरावा.

बंगालमधील ईशापूर कारखान्याच्या रायफलींवर, दस्त्याजवळच्या पोलादी कड्यावर मुकुट, ‘जीआरआय’ ही सम्राटाची आद्याक्षरे आणि निर्मितीचे वर्ष कोरलेले असे. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. सत्तांतराची ही नोंद पॉलिशच्या चाकाखाली सहज पुसट होते. हौशी हात ओळखण्याच्या खुणा स्पष्ट असतात: अक्षरांच्या कडा गोलावलेल्या, पेचांच्या खाचा फाटलेल्या, जवसाच्या तेलाऐवजी दस्त्यावर चकाकणारे रोगण. मूळचे लाकूड धातूच्या पातळीस भिडलेले असते. ते घासले की धातू उंच उरतो आणि लाकडावरील तपासनिसांचे शिक्के नाहीसे होतात.

याउलट, ओबडधोबड दिसणारी प्रत्येक दुरुस्ती हौशी नसते. काही रायफलींच्या पुढील लाकडावर तार गुंडाळलेली आढळते. ती गावठी डागडुजी नव्हे. रायफलीतून ग्रेनेड फेकताना बसणारा ताण सोसण्यासाठी केलेली ती अधिकृत योजना होय. दस्त्यात आडवा बसवलेला पेचही कारखान्याचाच असू शकतो. बोल्ट बदलल्यावर जुना क्रमांक छेदून नवा ठोकत; संपूर्ण दुरुस्तीनंतर ‘एफटीआर’ हा शिक्का व वर्ष उमटवीत. शासकीय नस्तीत खाडाखोडीशेजारी आद्याक्षरी असावी, तशीच ही पद्धत. अधिकृत दुरुस्ती स्वतःची नोंद मागे ठेवते. हौशी दुरुस्ती आधीच्या नोंदीही पुसते.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार शस्त्रावरील ओळखचिन्हे पुसणे निषिद्ध आहे. मात्र त्या तरतुदीचा रोख शस्त्रनियंत्रणावर आहे. लाकडावरील शिक्के वा गुंडाळलेली तार जपण्याची जबाबदारी जतनाच्या धोरणावरच येते.

म्हणून राज्यांनी जुनी शस्त्रे निकाली काढण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचे काही नमुने निवडावेत, त्यांवरील सर्व खुणांची छायाचित्रांसह नोंद करावी, आणि संग्रहालयात देताना ती नोंद सोबत द्यावी. सफाई मऊ कापड व हलक्या तेलापुरती राहावी; कानस आणि पॉलिश पेपर यांना तेथे मज्जाव असावा. याहून अधिक काही करावयाचे झाल्यास ते प्रशिक्षित जतनतज्ज्ञाने, लेखी कारणासह करावे. खर्च नगण्य आहे. पुसलेला शिक्का मात्र कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही.