शेतकरी कुटुंबाचे अंदाजपत्रक

नोकरदाराला महिन्याच्या ठरलेल्या तारखेस पगार मिळतो आणि त्याचा खर्चही त्याच महिन्याच्या मापाने होतो. शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. त्याची मिळकत वर्षातून दोन किंवा तीन वेळा हाती येते. चूल मात्र ३६५ दिवस पेटावी लागते. म्हणून ‘महिन्याचे बजेट करा’ हा शहरी उपदेश खेड्यातील घरास पुरा पडत नाही. शेतकऱ्याच्या अंदाजपत्रकाचे वर्ष सुगीपासून सुगीपर्यंत मोजावे लागते. त्यात किती खर्च करावयाचा याइतकाच तो केव्हा करावयाचा हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

एका घराची हकीकत

जून २०२४ मध्ये, मृगाच्या तोंडावर, प्रस्तुत लेखक लातूर जिल्ह्यातील एका गावी गेला होता. पाच एकर कोरडवाहू जमीन, एक म्हैस आणि घरात पाच माणसे असे ते कुटुंब होते. थोरली मुलगी नुकतीच दहावी उत्तीर्ण झाली होती. तिला अकरावीसाठी तालुक्यास पाठवावे की नाही, याचा निर्णय होत नव्हता.

घरधनी म्हणाले, “साहेब, दिवाळीत सोयाबीनचे लाखभर रुपये याच हातांनी मोजून घेतले. आता बियाण्यासाठी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहावे लागते. पैसा गेला कुठे?”

त्यांच्या पत्नी दाराआडून म्हणाल्या, “गेला कुठे ते मी सांगते. मला कुणी विचारलंच नाही.”

त्यांच्यापाशी बचत गटाची वही होती, शाळेच्या व दवाखान्याच्या पावत्या होत्या आणि स्मरणशक्ती चांगली होती. तासाभरात मागील वर्षाचा जमाखर्च कागदावर उतरला. त्यात उधळपट्टी अशी कोठेच आढळली नाही. तोटा झाला होता तो तीन ठिकाणी.

पहिला तोटा व्याजाचा. आजींच्या आजारपणासाठी २०,००० रुपये शेकडा ३ रुपये दरमहा या दराने घेतले होते. नऊ महिन्यांत त्यांचे व्याजच ५,४०० रुपये झाले. ‘शेकडा तीन’ हा शब्द कानास हलका लागतो. वर्षाच्या हिशेबाने तो ३६ टक्के होतो.

दुसरा तोटा घरचे धान्य विकून तेच पुन्हा विकत घेण्याचा. सगळी तूर ९० रुपये किलोने विकली आणि उन्हाळ्यात तूरडाळ १६० रुपये किलोने आणली. १ क्विंटल तुरीची सुमारे ७० किलो डाळ होते. भरडाई धरूनही घरची डाळ किलोस १३५ रुपयांच्या आसपास पडली असती.

तिसरा तोटा उधारीचा. खते व औषधे उधारीवर आणल्यामुळे ती महाग पडलीच. शिवाय दुकानदाराचे देणे भागविण्यासाठी सोयाबीन खळ्यावरून थेट बाजारात न्यावे लागले. माल थांबविला असता तर भाव चढलाच असता, असे कोणी सांगू शकत नाही. पण थांबावे की विकावे हे ठरविण्याचा अधिकार मात्र त्या कुटुंबाच्या हाती उरला नव्हता.

वहीचा आरंभ

व्यापारी दिवाळीत वहीपूजन करून नव्या खात्यास आरंभ करतो. या कुटुंबानेही २०२४ च्या दिवाळीत शंभर पानी वही घेतली आणि येत्या वर्षाचा अंदाज त्यात मांडला. आकडे पूर्ण संख्येत असे होते :

सोयाबीन २८ क्विंटल — १,१२,००० रुपये
तूर ६ क्विंटल (१ क्विंटल घरासाठी ठेवून) — ४२,००० रुपये
हरभरा १० क्विंटल (१ क्विंटल घरासाठी ठेवून) — ५०,००० रुपये
दूध, पेंड-चारा वजा जाता — ३२,००० रुपये
एकूण — २,३६,००० रुपये

यातून शेतीचा खर्च ९२,००० रुपये प्रथम वेगळा काढला. पीककर्जातून केलेला खर्चही त्यातच धरला. उरलेले १,४४,००० रुपये हीच घराची खरी मिळकत, म्हणजे महिन्यास १२,००० रुपये. दिवाळीत हाती आलेला लाख रुपयांचा ऐवज किती फसवा असतो, हे त्या दिवशी घरातील सर्वांस कळले.

महिन्याची वाटणी पुढीलप्रमाणे ठरली : किराणा व धान्य ४,५००, शाळा व प्रवास १,८००, सणवार, आहेर व कपडे १,७००, वीज, गॅस व मोबाईल १,३००, औषधपाणी १,२००. ही बेरीज १०,५०० होते. उरलेले १,५०० रुपये अडीअडचणीसाठी. ज्वारी घरी पिकत नसल्याने तिची वर्षाची बेगमी सुगीतच, फाल्गुन-चैत्रात करावी असे ठरले. वही कोणी लिहावयाची हा प्रश्नच आला नाही. अकरावीत दाखल झालेली मुलगी शनिवारी घरी येई व आईच्या सांगण्यावरून आठवड्याचा खर्च टिपून ठेवी.

वाईट वर्षाची कसोटी

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली व या कुटुंबाचे सोयाबीन २८ क्विंटलवरून २१ क्विंटलवर आले. अंदाजात २८,००० रुपयांची तूट पडली. वही नसती तर पुन्हा सावकाराचे दार होतेच, आणि बारावीत गेलेल्या मुलीचे शिक्षण बहुधा पहिल्यांदा थांबले असते.

वहीमुळे तूट कोठे सोसावयाची ते बसून ठरविता आले. नव्या वर्षाची १८,००० रुपयांची बचत सोडून दिली. सणवार व आहेर निम्म्यावर आणून सुमारे १०,००० रुपये वाचविले. शाळेच्या रकमेस हात लावला नाही. पहिल्या वर्षीच्या १८,००० रुपयांपैकी आजींच्या औषधोपचारास ७,००० खर्च झाले होते. उरलेले ११,००० पुढील बियाण्यासाठी राखून ठेवले. अंदाजपत्रकाने पाऊस थांबत नाही आणि भावही चढत नाही. संकट आले असता प्रथम काय सोडावे आणि काय शेवटपर्यंत धरून ठेवावे, एवढे मात्र ते सांगते.

कर्ज आणि हिशेब

१९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत, शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास व सावकारांचा सुमारे ७० टक्के असल्याचे आढळले होते. आज बँका व संस्था गावाजवळ आल्या आहेत. परंतु अवेळी नड निघाली की पाऊल जुन्याच वाटेने वळते. त्यासाठी दोन सोयी ध्यानात ठेवाव्यात. किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा ठरविताना काढणीनंतरच्या व घरगुती गरजांसाठी पीककर्जाच्या १० टक्के रक्कम अधिक धरण्याची तरतूद आहे. तसेच राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना राबविणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज घेता येते. पैशाची नड आहे म्हणून माल पडेल भावाने विकलाच पाहिजे असे नाही. तथापि कोणतेही कर्ज घेण्यापूर्वी ते कोणत्या महिन्यात व कोणत्या पिकातून फेडणार, हे वहीत लिहावे. ते लिहिता येत नसेल तर ते कर्ज घेण्याजोगे नाही असे समजावे.

ग्रामकार्यकर्त्यांस सूचना

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बियाणे व खते यांबरोबर हा विषयही घरोघरी न्यावा. मात्र प्रथमच काटकसरीचा उपदेश करू नये. गरिबाच्या घरी काटकसर पूर्वीपासूनच नांदत असते. मागील वर्षाचा हिशेब घरातील पतिपत्नी दोघांसमक्ष मांडावा. शेतीचा खर्च आणि घरखर्च यांची पाने वेगळी ठेवावयास सांगावे. घरासाठी लागणारे धान्य विक्रीपूर्वी बाजूला काढावे. आणि पैसा कुठे गेला असा प्रश्न निघाला, तर तो ज्या हाताने रोजची चूल पेटते त्या हाताच्या धनिणीस प्रथम विचारावा. उत्तर बहुधा तिच्यापाशीच असते.