सिरोंच्याची आगबोट

आंध्रातल्या पापीकोंडलूच्या घळीत लाँच शिरते तेव्हा एकदोन किलोमीटर रुंद पसरलेली गोदावरी अंग चोरून घेते. दोन्हीकडून पूर्व घाटाचे डोंगर पाण्यापर्यंत उतरलेले. पेरंटापल्लीला लाँच थांबते, माणसे ओढ्याकाठच्या आश्रमात जाऊन येतात. नॉर्वेचे फियोर्ड, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, चित्रात पाहिलेल्या कुणालाही इथे त्यांची आठवण व्हावी. गंमत अशी, की डोंगरउतारांवरून धबधबे कोसळतात ते पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात ह्या घळीत बोट नेणे जिवावरचे असते. १५ सप्टेंबर २०१९ रोजी कच्चुलूरजवळ नदी फुगलेली असताना पर्यटकांची बोट बुडाली आणि कित्येकांचा जीव गेला.

आता घळीतले हे पाणी कुठून येते ते पाहू. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ भेटून प्राणहिता होतात. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. ओडिशातल्या कालाहंडीहून निघालेली इंद्रावती चित्रकोटचा धबधबा होऊन कोसळते, भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतमी ह्या नद्यांना कवेत घेते आणि सोमनूरला गोदावरीत येते. म्हणजे पापीकोंडलूत लाँच ज्या पाण्यावर तरंगते, त्यातला मोठा वाटा चंद्रपूर-गडचिरोलीवरून गेलेला असतो. पाणी खाली उतरते, तर त्याच वाटेने बोट वर का येऊ नये?

हा प्रश्न इंग्रज इंजिनियर आर्थर कॉटन यांना पडला होता. धवळेश्वरमचे धरण बांधून १८५२ मध्ये त्यांनी गोदावरीचा त्रिभुज प्रदेश ओलिताखाली आणला. त्याच सुमारास त्यांच्या डोक्यात आला तो वऱ्हाड-नागपूरचा कापूस. बैलगाडीने मुंबई गाठायला महिने लागत. त्याऐवजी कापूस वर्धा-प्राणहितेवरून बोटीने थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झालेच होते. कॅप्टन हेग यांनी नदी पाहून १८५६ मध्ये अहवाल दिला.

घळीची धास्ती इंजिनियरांना नव्हती. तिथे नदी खोल आहे. अडचण तिच्या वर, उघड्या मुलखात होती. खडकांचे तीन मोठे अडथळे: पहिला भद्राचलमच्या वर दुम्मगुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाच्या परिसरात इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेवर आजच्या अहेरी तालुक्यातल्या देवलमरीला. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालायचा, खडक टाळून बाजूने कालवा काढायचा आणि बोट पायरीपायरीने वर चढवायला लॉक बांधायचे, असा बेत. लॉक म्हणजे दोन दारांमधले हौद: आत पाणी भरले की बोट वर, सोडले की खाली.

ह्या कामासाठी नकाशाही बदलला. १८६० च्या तहात निजामाने गोदावरीचा डावा काठ इंग्रजांना दिला आणि नदीवरच्या मालाला जकात लागणार नाही असे ठरले. त्या पट्टीचा ‘अपर गोदावरी’ जिल्हा झाला, मुख्य ठाणे सिरोंचा. आज महाराष्ट्राची शेपटी तेलंगणाच्या कुशीत इतकी खोल का शिरलेली दिसते, ह्याचे बरेचसे उत्तर त्या तहात आहे. शाळेत आम्हाला सिरोंचा म्हणजे ‘महाराष्ट्राचे टोक’ एवढेच शिकवले; ते टोक बोटीच्या हौसेने आले हे कुणी सांगितले नाही.

अमेरिकेतल्या यादवीने १८६१ पासून कापसाला सोन्याचा भाव आला आणि योजनेला जोर चढला. पण नदीचा स्वभाव बदलेना. पुराच्या दिवसांत धार अंगावर येणारी, उन्हाळ्यात वाळूचे माळ. त्यात १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. रेल्वेला उन्हाळा-पावसाळा सारखाच. १८७१ मध्ये काम थांबले, १८७४ मध्ये जिल्हाही मोडला: भद्राचलमचा भाग मद्रास इलाख्यात गेला, सिरोंचा चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडला गेला. माझ्या मते कॉटनचे गणित कापसाच्या बाबतीत बरोबर होते, नदीच्या बाबतीत चुकले.

पाण्याची वाट मात्र रिकामी राहिली नाही. अहेरी-आलापल्लीच्या जंगलातले सागाचे ओंडके पाण्यावर सोडून राजमहेंद्रीकडे नेले जात. आणि एकाच खोडातून कोरलेला डोंगा होताच. त्याला ना लॉक लागतो, ना बंधारा. गुडघाभर पाण्यातही तो बांबूने रेटता येतो.

जाता जाता एक. सुरुवातीला फियोर्डची आठवण काढली; फियोर्ड कोरायला हिमनदी लागते, आणि ती ह्या मुलखाला अगदीच परकी नाही. चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी बर्फाने दगड फरफटत नेले, त्याच्या त्या खुणा. भूवैज्ञानिक फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले. उन्हाळ्यात ४८ अंशांनी तापणाऱ्या चांद्यात!

२०१६ च्या कायद्याने वैनगंगा-प्राणहिता पुन्हा जलमार्ग झाली आहे: राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०९. सिरोंच्यासमोर गोदावरीवर २०१९ मध्ये ८५ दारांचा मेडिगड्डा बंधारा उभा राहिला; ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी चढले की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि पलीकडच्या गावचा माणूस डोंगेवाल्याला हाक मारतो.