हसण्यामागचं हसू
कविसंमेलनात दाद देणारं हसू आणि ‘आता आवरा’ म्हणणारं हसू यांतला फरक मला पन्नाशी उलटली तरी चटकन कळत नाही. संगणकाला तो थोडाफार कळू लागलाय.

अमेरिकेतल्या एमआयटीत रोझलिंड पिकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. लोकांना संगणकावर लांबलचक अर्ज भरायला दिला. शेवटचं बटण दाबलं, की लिहिलेलं सगळं गायब! गंमत म्हणजे वैतागलेले बहुतेकजण चक्क हसले. ते हसू आनंदाचं की वैतागाचं, हे इतर माणसांना चित्रफितीवरून ओळखता येईना. संगणकाने हसण्याचा वेगही पाहिला. आनंदाचं हसू सावकाश उमलतं. वैतागाचं झटकन येतं, झटकन विझतं.

पण अखेर त्याला दिसतात ते स्नायूच. युरोपीय संघाने २०२४च्या कायद्यात कामाच्या ठिकाणी आणि शाळांत, वैद्यकीय वा सुरक्षेचं कारण नसेल तर, अशा भावना-ओळखीला मनाई केली. मला ते पटलं.

अब्बा गेले त्या दिवशी दाराशी येणाऱ्या प्रत्येकाला पाहून मी हसत होतो म्हणे. आपाने काही विचारलं नाही, पाण्याचा पेला हातात दिला.