रातांब्याची फांदी सुकतेय? झाड तोडू नका!

मे महिन्यात रातांब्याखाली पाय ठेवायला जागा नसते. फळे वेचायची, फोडायची, साली वाळवायच्या, आगळ भरून ठेवायचे. घरातली लहानथोर सगळी तिथेच. मग पाऊस येतो, उरलीसुरली फळे कुजतात आणि पुढचा हंगाम येईपर्यंत त्या झाडाकडे कुणी मान वर करून बघत नाही. नेमका याच दिवसांत त्याला रोग धरतो.

गेल्या पावसात गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत भात बघायला गेलो होतो. एका काकींनी हाक मारली. "साहेब, आमच्या रातांबीची अर्धी बाजू सुकलीय बघा. वीजबीज पडली असेल. गणपतीला मुलगा येतोय मुंबईहून, त्याला सांगून तोडून टाकते." झाड जुने, गडग्याच्या कडेला आपसूक उगवलेले. शिडी लावून वर पाहिले तर फांदीच्या बेचक्यात सालीवर फिकट गुलाबी थर. चुन्यात कुंकू कालवून कुणी लेप द्यावा तसा.

हा गुलाबी रोग, एका बुरशीमुळे होणारा. केरळातले रबरवाले याला चांगले ओळखून आहेत. आपल्याकडे आंबा, काजू, फणस यांच्यावरही तो येतो. सुरुवातीला बेचक्यात कोळिष्टकासारखे पांढरे तंतू दिसतात. पाणी तिथेच मुरून राहते, म्हणून सुरुवात तिथून. पुढे गुलाबी थर धरतो, बुरशी सालीत शिरते, साल तडकते. वरच्या फांदीचा अन्नपाण्याचा मार्ग बंद होतो. पाने पिवळी, मग तपकिरी होतात आणि न गळता तशीच लटकून राहतात. वारापाऊस हा रोग झाडावरून झाडावर नेतो आणि आपल्या जिल्ह्यात तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस!

एका झाडाचे एवढे काय, असे म्हणाल. रातांबा हे आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातले झाड आहे. कोकण, गोवा, कर्नाटकाची किनारपट्टी आणि खाली केरळ, हा त्याचा मुख्य मुलूख. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने त्याला धोक्यातल्या झाडांच्या लाल यादीत 'असुरक्षित' म्हणून घातले. त्यातली गोम अशी की रातांब्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी रुजवले तर साधारण निम्मे नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षे जातात. नराला फळ नाही, म्हणून त्याच्यावर आधी कुऱ्हाड. त्यात हा रोग आला की मादीवरही कुऱ्हाड.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ मध्ये 'कोकण अमृता' ही जात दिली. ती कोकणातल्याच झाडांतून निवडलेली आहे. कलमे जरूर लावा. पण सगळी कलमे एकाच आईची लेकरे. उद्या नवी जात निवडायची तर ती गडग्याकडेच्या, देवराईतल्या जुन्या झाडांतूनच निवडावी लागणार. तीच गेली तर निवडायचे कशातून?

उपाय अवघड नाही. पावसाची उघडीप बघून सुकलेली फांदी रोगट भागाच्या वीतभर खाली, निरोगी लाकडात कापा. ती कुंपणावर टाकू नका, जाळा. बुरशी मेलेल्या सालीवरही तग धरते. थर लहान असेल तर तेवढी साल तासून काढा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद ५ लिटर पाण्यात, १ किलो कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटरमध्ये विरघळवा. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडी नकोत. चुना थंड झाल्यावर मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओता आणि ढवळत राहा. मग कोयतीचे पाते बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. हे काम ज्या दिवशी त्याच दिवशी संपवायचे, शिळी पेस्ट चालत नाही. फवारणीसाठी हेच प्रमाण १०० लिटर पाण्याला. पहिली फवारणी पाऊस लागण्यापूर्वी करा. नंतर झाड उंच असेल तर निदान बेचक्यांपर्यंत तरी पोचवा.

गणपतीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांनाही सांगणे आहे. नारळ पाडून घेता, तसे एकदा रातांब्याखाली जाऊन वर बघा. त्या सुमारास गुलाबी थर चांगला दिसतो.

काकींचे झाड उभे आहे. एका बाजूने बोडके दिसते, पण यंदा उरलेल्या फांद्यांवर फळ धरले. शेजारच्या नर झाडाच्या बेचक्यातही पांढरे तंतू दिसत होते. त्याला पेस्ट लावायला काकी काही राजी नव्हत्या. "त्या रांडवळाला कशाला मोरचूद वाया घालवताय?" म्हणाल्या. बादलीत उरली होती ती मीच लावून आलो.